‘मी मराठी शिकली’ : शनिवारच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

पुण्याजवळ वाकडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग सुरू केला त्याला महिना झाला. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात. आजपासून या नोंदी ठेवायच्या. शोधायचं आहे ते एवढंच : नव्या भाषेत पहिली वाक्यं जुळवताना माणूस घरच्या भाषेतलं नेमकं काय सोबत आणतो?

महिनाभर मी शिकवत होते आणि चुका सुधारत होते. मग लक्षात आलं की चुका माणसागणिक वेगळ्या आहेत, पण एकाच माणसाच्या तोंडी पुन्हा पुन्हा त्याच येतात. निष्काळजीपणात एवढी शिस्त नसते. म्हणून आता आधी ऐकायचं.

नियमित येणारे पाच जण. नावं लिहीत नाही, गावाची खूण पुरे. कानपूरचे साहेब, घरी हिंदी, हिशेबाची नोकरी. मदुरैच्या अक्का, घरी तमिळ. थोरल्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात, म्हणून वर्गात सगळ्यांच्या त्या अक्काच झाल्या. बारासातचा मुलगा, बंगाली, नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलेला. बलियाचे दादा, घरी भोजपुरी, आमच्याच गेटवर रात्रपाळीला. आणि इंदूरच्या वहिनी.

पद्धत साधी. प्रत्येकाने दोन मिनिटं ‘काल मी काय केलं’ ते सांगायचं. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि घरी येऊन जसंच्या तसं वहीत उतरवते. मध्ये टोकायचं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, चूक ऐकली की दुरुस्ती आपोआप ओठांवर येते. ती आवरायची.

२१ जून

आज सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : ‘तुम्ही रोज मॉलमध्ये जाता का?’ उत्तर नकारात हवं होतं.

कानपूरचे म्हणाले, ‘नाही, मी नाही जातो.’
बारासातचा म्हणाला, ‘नाही, मी जातो नाही.’
अक्का म्हणाल्या, ‘नाही, मी जात नाही.’
बलियाचे दादा म्हणाले, ‘आम्ही नाही जातो.’

चार उत्तरांतून चार घरं दिसतात. हिंदीत ‘मैं नहीं जाता’, म्हणून नकार आधी. बंगालीत ‘आमि जाइ ना’, म्हणजे क्रियापद पूर्ण चालवायचं आणि शेवटी ‘ना’ ठेवायचा. त्या मुलाने तेच केलं, फक्त शब्द मराठी घातले. तमिळमध्ये आधी क्रियापदाचं अर्धं रूप येतं आणि त्याच्या पाठीला ‘इल्लै’ लागतं. आपलं ‘जात’ आणि ‘नाही’ हेही तसंच आहे. अक्कांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं वाक्य बरोबर आलं, पण तेही घरूनच आलं होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण घरच्या भाषेला फक्त चुकांच्या वेळी धरतो. बरोबर वाक्य आलं की म्हणतो, हुशार आहे.

‘नको’चंही तसंच. हिंदीत त्याला एका शब्दाचा जोडीदार नाही, म्हणून कानपूरचे ‘मला चहा नाही पाहिजे’ म्हणतात. व्याकरण ठीक, पण ऐकणाऱ्याला थोडं तोडल्यासारखं लागतं. अक्का पहिल्या दिवसापासून ‘नको’ म्हणतात. तमिळमधला ‘वेंडाम्’ नेमका त्याच जागी बसतो.

दादांच्या ‘आम्ही’बद्दल वेगळं लिहायला हवं. पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये माणूस एकटा असला तरी स्वतःला ‘हम’ म्हणतो. त्यात मोठेपणा अजिबात नसतो. पण आमच्या इमारतीतल्या एका आजोबांचा समज झाला होता की हा वॉचमन स्वतःला कुणीतरी मोठा समजतो. मी त्यांना जाऊन समजावलं. व्याकरणाच्या एका सर्वनामापायी एखाद्याच्या स्वभावावर शिक्का बसावा, हे मला बघवत नाही.

२८ जून

कानपूरचे आज जरा उतरलेले होते. ऑफिसात कुणीतरी विचारलं, मराठी येते का? हे उत्साहाने म्हणाले, ‘हो, मी मराठी शिकली.’ दोघं-तिघं हसले. एक म्हणाला, ‘शिकली काय? तुम्ही बाई आहात का?’ त्यानंतर दिवसभर ते हिंदीतच बोलले.

आम्ही सगळ्यांनी मिळून ते वाक्य फळ्यावर उकललं. हसणाऱ्यांना वाटलं की याला स्वतःचं लिंग सांभाळता येत नाही. तसं नव्हतंच. हिंदीत ‘मैंने मराठी सीखी’. तिथे ‘सीखी’ हे बोलणाऱ्याचं नाही, मराठीचं रूप आहे. मराठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘सीखी’. त्यांनी हा नियम जसाच्या तसा इकडे आणला. आणि हाच नियम मराठीतही आहे! ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी गोष्ट सांगितली’, ‘मी गाडी घेतली’ असं पुरुषही म्हणतो. क्रियापद भाकरीमागे, गोष्टीमागे, गाडीमागे जातं. म्हणजे शंभरातली बहुतेक वाक्यं त्या नियमाने बरोबरच येतात.

पण शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे ही आपल्याकडची वेगळी मंडळी आहेत. यांच्यासमोर कर्म असलं तरी क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं राहतं. ‘मी मराठी शिकलो’, ‘मी तुझं नाव विसरलो’. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग गुणांसाठी पाठ करतो, पण शिकणे कुठल्या बाजूला आणि लिहिणे कुठल्या, हे मराठी घरातल्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. कानपूरच्या साहेबांना सांगावंच लागेल, कारण त्यांच्या भाषेने त्यांना जो नियम दिला तो इथे नव्वद पावलं सोबत करतो आणि मग सोडून देतो.

हे ऐकून ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे माझा चूक नाही.’ मी ‘माझी चूक’ असं सुधारलं नाही. आज नको.

५ जुलै

ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. सगळे जेवले. मग रेकॉर्डिंग सुरू करून विचारलं, काय खाल्लं?

कानपूरचे : ‘मीने भाकरी खाल्ली.’
बारासातचा : ‘मी भाकरी खाल्लो.’
दादा : ‘आम्ही भाकरी खाल्लो.’
अक्का : ‘मी भाकरी खाल्ले.’
वहिनी : ‘मी भाकरी खाल्ली.’

रात्री दीडपर्यंत मी या पाच ओळी घेऊन बसले होते. कानपूरच्यांचं ‘खाल्ली’ अगदी बरोबर आहे, आणि ‘मैंने’मधला ‘ने’ मात्र ते सोबत घेऊन आले. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’ असतं, पण मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही. उलट बाकी तिघांनी ‘ने’ आणला नाही, पण क्रियापद स्वतःला जोडलं. भोजपुरीत ‘ने’ नाही, बंगालीत नाही, तमिळमध्ये नाही; तिन्हींत भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागेच चालतं. एकाने वाक्याचं एक टोक बरोबर धरलं, दुसऱ्यांनी दुसरं.

आणखी एक गंमत दादांनीच दाखवली. भूतकाळाचा आपला ‘ल’ (गेला, आला, केला) त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखीचा आहे. भोजपुरीत ‘गइल’, ‘आइल’. बंगालीतही भूतकाळात ‘ल’च. दिल्ली-कानपूरकडच्या हिंदीत मात्र ‘गया’, ‘आया’. नकाशावर मराठीला हिंदी चिकटून आहे, आणि हा ‘ल’ मधलं सगळं ओलांडून थेट पूर्वेला भेटतो. दादांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आपल्याला धड हिंदीही येत नाही, मराठी काय येणार. त्यांच्या बोलीला इथे भाऊबंद आहे हे त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

वहिनींचं वाक्य बिनचूक का? इंदूरला त्यांच्या लहानपणी शेजारी मराठी कुटुंब होतं. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी वस्ती आहे. त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवायला हव्यात.

१२ जुलै

या आठवड्यात वाचन. भाषा शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या जुन्या मंडळींनी काय म्हटलंय ते आपल्या वहीशेजारी ठेवून बघायचं होतं.

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडलं की दोन भाषा शेजारी ठेवून तुलना केली, तर शिकणाऱ्याला काय सोपं जाईल आणि काय अवघड, हे आधीच सांगता येतं. पुढे १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी चुकीकडेच वेगळ्या नजरेने पाहिलं : शिकणाऱ्याच्या मनात आत्ता कुठली व्यवस्था उभी आहे, हे त्याच्या चुकांतून दिसतं. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या व्यवस्थेला नाव दिलं. मराठीत मी तिला मधली भाषा म्हणेन. ती घरची नाही आणि समोरचीही नाही, पण तिला स्वतःचे नियम आहेत. ‘मीने भाकरी खाल्ली’ हे त्या मधल्या भाषेतलं शुद्ध वाक्य आहे.

विरुद्ध बाजूही आहे. १९७४ मध्ये ड्युले आणि बर्ट यांनी इंग्रजी शिकणारी स्पॅनिश आणि चिनी घरांतली मुलं पाहिली. इंग्रजीतले छोटे प्रत्यय आणि शब्द दोन्ही गटांच्या तोंडी साधारण एकाच क्रमाने बसत होते. म्हणजे घरची भाषा हेच सगळं कारण नव्हे. माझ्या वहीतही याचा पुरावा आहे. ‘पुणेला’ असं वहिनी सोडून सगळे म्हणतात. ‘पुण्याला’ हे सामान्यरूप कुणालाच आपसूक येत नाही, घरी कुठलीही भाषा असो. ते मराठीचंच अवघड आहे. पण तिथेही कानपूरचे ‘रस्तेवर’ आणि ‘माझे घरात’ म्हणतात (रास्ते पर, मेरे घर में), तर बारासातचा सरळ ‘रस्तावर’. अडखळतात सगळे, पण पडण्याची दिशा घरची.

नव्वदच्या दशकातला वाद मला सगळ्यात जवळचा वाटला. जर्मनीत कामाला गेलेल्या, वर्गात न बसता जर्मन उचललेल्या तुर्की आणि कोरियन माणसांची सुरुवातीची वाक्यं तपासली गेली. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, आणि या लोकांच्या जर्मनमध्येही ते सुरुवातीला शेवटीच जात होतं. वैनिक्का आणि यंग-शोल्टन यांचं म्हणणं, घरच्या भाषेतून क्रियापदाभोवतीचा गाभा तेवढा येतो, काळ-पुरुषाचे वरचे मजले नंतर नव्याने चढतात. श्वार्ट्झ आणि स्प्राउज १९९६ मध्ये म्हणाले, सगळंच येतं, पहिल्या दिवशी घरचं पूर्ण व्याकरण हाच पाया असतो. माझ्या पाच जणांनी काही वाद मिटणार नाही. पण ‘मीने’मधला ‘ने’ आणि क्रियापदाचा मेळ हे वरच्या मजल्यावरचं सामान आहे, आणि कानपूरचे ते सुरुवातीपासून पाठीवर घेऊन आलेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

२६ जुलै

अक्कांची मागची सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. लिंगाच्या चुका तपासत होते आणि हिशेब जुळेना.

तमिळमध्ये निर्जीव वस्तूला पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. माणसं आणि देव एका बाजूला, बाकी सगळं ‘अदु’, म्हणजे ‘ते’. गाडी आली तर ‘वण्डि वंददु’. त्यामुळे अक्कांनी सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी कराव्यात अशी माझी अपेक्षा होती. काही वाक्यं तशीच आहेत : ‘भिंत पडलं’, ‘पिशवी फाटलं’. पण मग हे काय? ‘माझी पुस्तक’, ‘दुकान बंद झाली’, ‘आवाज आली’. इथे तर नपुंसक ठेवलं असतं तर निदान पुस्तक आणि दुकान बरोबर आले असते!

उत्तर त्यांनीच दिलं. पुण्याला येण्याआधी सहा वर्षं त्या नोएडाला होत्या आणि हिंदी त्या तिथे कष्टाने शिकल्या. हिंदीत पुस्तक, दुकान आणि आवाज हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी. म्हणजे मराठी शब्द हिंदीसारखा दिसला की अक्का लिंग हिंदीतून घेतात. भिंत, पिशवी असा अनोळखी आला की तमिळचा ‘अदु’ पुढे होतो. त्या म्हणाल्या, ‘मराठी हिंदीच्या जवळ आहे ना, म्हणून मी हिंदी लावते.’ कुठली भाषा जवळची हे त्यांनी मनाशी ठरवलं आहे, आणि त्या निवाड्याप्रमाणे उसनं आणलं जातं. नकार आणि ‘नको’ मात्र त्या तमिळमधूनच आणतात. दोन कपाटं, आणि कुठल्या कामाला कुठलं उघडायचं हे आतल्या आत ठरलेलं.

लाडोंच्या दोन-भाषांच्या तक्त्यात हे मावत नाही. आपल्याकडे शिकणारा माणूस क्वचितच एका भाषेचा असतो.

बारासातच्या मुलाचं दुखणं उलट. बंगालीत लिंगाचा मेळच नाही, तो आणि ती दोघांनाही एकच ‘शे’. तो ‘माझा आई आला’ म्हणतो. त्याला लिंग चुकतंय असं म्हणणंही बरोबर नाही; तिथे काही निवडायचं असतं, हेच त्याला अजून ऐकू येत नाही. ‘मला भूक लागली’ऐवजी ‘माझी भूक लागली’ हेही त्याचंच, कारण बंगालीत भूक ‘आमार’, म्हणजे माझी.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, तिघंच आले. कानपूरचे, अक्का, दादा.

शेवटी कानपूरचे उठून म्हणाले, ‘चला, आम्ही चहा पिऊ या.’ अक्का जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आम्ही नाही. आपण. आम्ही म्हटलं तर मी बाहेर.’

मी काही बोलायच्या आत त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. आत स्वतःला आणि कानपूरच्यांना दाखवून ‘नाम् – आपण’ लिहिलं. मग दुसरा गोल, एक माणूस मुद्दाम बाहेर ठेवून, ‘नांगळ् – आम्ही’. तमिळ अक्षरं नव्हती, सगळं देवनागरीत. हिंदीत दोन्हींना ‘हम’, म्हणून कानपूरच्यांना महिनाभर हा फरक समजावून माझा घसा दुखला होता. दोन गोलांत तो त्यांना कळला. दादाही पुढे सरकून बघत होते.

द्राविडी भाषांचा हा फरक मराठीत आणि गुजरातीत आहे. दूरच्या भाषेतली बाई इथे जवळच्या भाषेतल्या माणसाला शिकवत होती. (इंदूरच्या वहिनींना हाही प्रश्न नाही. माळव्याकडच्या हिंदीत ‘अपन चलते हैं’ म्हणतात.)

१६ ऑगस्ट

दहीहंडी, वर्ग नाही. सरावाच्या चिठ्ठ्या नव्याने केल्या. हिंदीत आणि मराठीत शब्द एक, लिंग वेगळं : पुस्तक, दुकान, नाक, आवाज. हा गठ्ठा फक्त कानपूरचे आणि अक्का यांच्यासाठी. बारासातच्या मुलासाठी निराळा : नुसत्या जोड्या, तो आला, ती आली, ते आलं, आधी ऐकायच्या आणि मग बोलायच्या. एकच धडा सगळ्यांना, हे बंद.

२३ ऑगस्ट

कानपूरच्यांनी ‘मी मराठी शिकलो’ पक्कं केलं. ऑफिसात म्हणून दाखवलं, कुणी हसलं नाही. आणि त्याच आनंदात मला सांगितलं, ‘सकाळी मी भाजी घेतलो.’

जूनमध्ये ते ‘घेतली’ बरोबर म्हणत होते. आता ‘शिकलो’चा नियम सगळीकडे पसरला. हे हिंदीतून आलेलं नाही, हिंदीत तर ‘मैंने सब्जी ली’. हे त्यांच्या मधल्या भाषेचं स्वतःचं काम आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की माणूस मागे गेला. मला उलट वाटतं. जूनमधलं ‘घेतली’ हिंदीच्या जोरावर होतं, आजचं ‘घेतलो’ मराठीतल्या एका नियमाच्या जोरावर आहे.

३० ऑगस्ट

सोसायटीच्या गणपतीमुळे हॉल मिळाला नाही, मांडवामागे खुर्च्या टाकून बसलो. कानपूरचे कालचं सांगत होते : ‘मी आरती केलो, मी प्रसाद वाटलो.’ मी टिपून घेत होते.

मागे पाण्याचे जार उतरवणारा टेम्पोवाला थांबून ऐकत होता. लातूरचा, मराठीच घरची भाषा. मी वहीत खूण केलेली त्याने पाहिली आणि विचारलं, ‘मॅडम, त्यांचं काय चुकलं? आमच्याकडं असंच म्हणतेत. मी काम केलो, मी जेवण केलो.’

बरोबर आहे त्याचं. लातूर, सोलापूर भागात हे रोज कानावर पडतं. शेजारी कन्नड, आणि कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागेच जातं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन या भाषाअभ्यासकांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं : तिथे कन्नड, मराठी, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या, शब्द ज्याचे त्याचे राहिले, आणि वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवत भाषांतर व्हावं. तिथे कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या भाषेत आपल्या घरचं वाक्य बोललं असेल, आणि कुणी टोकलं नसेल.

मी त्याला सांगितलं की काही चुकलं नाही. कानपूरच्यांनी त्याला खुर्ची दिली. दोघं थोडा वेळ बोलत बसले, एक हिंदीच्या वाटेने ‘केलो’पर्यंत आलेला, एक जन्मापासून तिथेच राहणारा, आणि दोघांचं एकमेकांना व्यवस्थित कळत होतं.

वहीत ‘चूक’ असा रकाना होता. तो खोडून ‘म्हणाले ते’ केलं. शेजारी नवा रकाना काढला : ‘असं मराठीत कुठे बोलतात?’ टेम्पोवाला पुढच्या शनिवारी सहाला येतो म्हणालाय, रेकॉर्डिंगला तयार आहे. भाकरी पुन्हा करून न्यायच्या आहेत.